पापळचा पोरगा आणि कौन्सिलची शाळा

२५ डिसेंबरला आम्ही मनुस्मृती दहन दिन पाळतो. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो आणि ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती साजरी करतो. या आठ-दहा दिवसांत चळवळीच्या कार्यकर्त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. नेमक्या याच धामधुमीत २७ डिसेंबर ही तारीख येते आणि आमच्या लक्षातही न येता निघून जाते. वऱ्हाडात त्या दिवशी डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती असते. संस्थेच्या शाळा-कॉलेजांतून मिरवणुका निघतात, पुतळ्यांना हार पडतात, शिक्षणमहर्षी आणि कृषिमहर्षी या दोन बिरुदांवर भाषणे होतात. आमच्या वस्तीत मात्र त्या दिवशी फारसे काही होत नाही. भाऊसाहेब त्यांचे, आमचे नव्हेत, असा एक समज दोन्ही बाजूंनी रुजला आहे. हा समज खोटा आहे आणि तो दोघांनाही महागात पडला आहे, असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेख.

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर मोझरीचा गुरुकुंज लागतो आणि पुढे तिवसा. तिवसा हे तालुक्याचे गाव. इथून चांदूर रेल्वे ओलांडून पुढे नांदगाव खंडेश्वर तालुक्यात गेले की पापळ येते. याच पापळ गावात २७ डिसेंबर १८९८ रोजी पंजाबरावांचा जन्म झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम, देशमुखीच्या वतनामुळे देशमुख झालेले. घर शेतकऱ्याचे. वतनदारीचा मान होता, पण पैसा वाहून चालला आहे असे काही नव्हते.

पंजाबरावांच्या शिक्षणाची वाट पाहिली तर ती एक लांबच लांब पायपीट दिसते. पहिल्या इयत्ता पापळच्या शाळेत. ती शाळा संपली की चांदूर रेल्वे. तिथले संपले की कारंजा लाड. तिथून अमरावतीचे हिंदू हायस्कूल. मॅट्रिक झाल्यावर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. आणि १९२० साली बोटीत बसून थेट विलायत. चरित्रकार ही गावांची यादी कौतुकाने देतात आणि पुढे जातात. आम्हाला मात्र या यादीपाशी थांबावेसे वाटते. दर दोन-तीन वर्षांनी शाळा आणखी एक मजल दूर जात होती आणि दर मजलेला गावातली काही पोरे गळत होती. देशमुखाच्या पोराला परगावी ठेवण्याची ऐपत घरात होती. त्याच गावातल्या कुणब्याच्या, माळ्याच्या, तेल्याच्या पोराला ती नव्हती. तो गुरांमागे गेला. आणि गावकुसाबाहेरच्या पोराचे काय? त्याला पहिल्या मजलेचीच शाळा बंद होती. कुठे आत घेतलेच तर ओसरीवर बसवत, त्याची पाटी लांबून बघत. तहान लागली तर त्याने शाळेच्या माठाकडे बघायचे नाही. पंजाबराव या पायपिटीत टिकले, ते हुशार होते म्हणून आणि त्यांच्या घरच्यांनी कर्ज काढले म्हणूनही. पुढे त्यांनी जे केले ते पाहता, सोबतची पोरे कुठे गळाली हे ते विसरले नव्हते असे म्हणावे लागते.

१९२० साली ते विलायतेला निघाले. त्याच वर्षी बाबासाहेब आपले अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले होते. एक महाराचा पोर, एक कुणब्याचा. एकजण लंडनच्या ग्रंथालयात रुपयाचा प्रश्न सोडवत बसला, दुसरा एडिंबरोला संस्कृत शिकत बसला. ज्या भाषेतले शब्द कानावर पडले तर शूद्राच्या कानात शिसे ओतायची शिक्षा सांगितली होती, ती भाषा पापळचा पोरगा परक्या मुलखात जाऊन शिकला, तिच्यात पदवी मिळवली आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा विषय घेऊन त्याने डॉक्टरेट मिळवली. हा प्रबंध पुढे १९३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. शिवाय बॅरिस्टरीही केली. वेद हे देवाने सांगितलेले नसून माणसांनी रचलेले आहेत, त्यांनाही उगम आहे आणि वाढ आहे, असे मानल्याखेरीज असा प्रबंध लिहिताच येत नाही. बहुजन समाजाच्या माणसाने वेद असे तपासायला घेणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

१९२६ मध्ये ते अमरावतीला परतले. वकिलीचा धंदा मांडून पैसा करणे हा सरळ मार्ग होता. त्यांनी सर्वात आधी हात घातला तो वसतिगृहाला. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय उभे राहिले, तेही मुष्टिफंडावर. घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करायचे आणि त्यावर पोरांचे जेवण चालवायचे. जातीची अट नव्हती, सर्व जातीधर्माची मुले एका छपराखाली राहत. छात्रालयाला आर्य समाजी स्वामी श्रद्धानंदांचे नाव का, असा प्रश्न आजच्या आमच्या तरुणाला पडेल. पण अस्पृश्यांबद्दल मनापासून कळकळ असलेला माणूस म्हणून खुद्द बाबासाहेबांनी श्रद्धानंदांविषयी आदराने लिहिले आहे, हेही त्याने ध्यानात ठेवावे. १९२७ मध्येच पंजाबरावांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई सोनार समाजातल्या. देशमुखाच्या घरात हे सहज पचले असेल असे आम्हाला वाटत नाही. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

आणि त्याच १९२७ सालचा नोव्हेंबर महिना. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले होते आणि त्याचे पडसाद वऱ्हाडात पोचले होते. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश हवा, ही मागणी जोर धरत होती. देवळाच्या कारभारात टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांच्यासारखी बडी मंडळी होती. १३ आणि १४ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब. परिषद चालू असतानाच मुंबईहून त्यांचे बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार आली. बाबासाहेबांनी दुःख गिळले आणि काम पुढे चालवले. या लढ्याच्या पुढाकारात पंजाबराव होते. तेव्हा ते २८ वर्षांचे होते. विलायतेहून येऊन वर्ष झाले होते, समाजात नुकते कुठे नाव होऊ लागले होते. अशा वेळी स्वतःच्या जातीतल्या प्रतिष्ठितांचा राग ओढवून घेऊन ते अस्पृश्यांच्या बाजूला उभे राहिले. सत्याग्रह लगेच न करता मुदत देण्याचे ठरले आणि देवळाचे दार काही त्या हिवाळ्यात उघडले नाही. पण कुणबी बॅरिस्टर आणि महार बॅरिस्टर एका प्रश्नावर एका बाजूला उभे असलेले वऱ्हाडाने पाहिले. वाचकहो, हे चित्र आज किती घरांच्या भिंतीवर आहे? दोन्ही वस्त्यांतली घरे मोजा.

देवळाच्या दाराशी अडलेला हा माणूस वर्षभरातच दुसऱ्या दारातून आत शिरला. १९२८ साली तो अमरावती जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष झाला. आमच्या मते पंजाबरावांच्या साऱ्या आयुष्यात हे दोन वर्षांचे पान सर्वात मोलाचे आहे आणि नेमके तेच सर्वात कमी वाचले जाते.

जिल्हा कौन्सिल म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगावे लागेल. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९२० च्या कायद्याने जिल्हा कौन्सिले आणि त्यांच्या खाली लोकल बोर्डे आली. आजच्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची ती आजी म्हणा. शेतसाऱ्यावर बसवलेला उपकर, कोंडवाडे, बाजार, नावघाट यांचे उत्पन्न आणि सरकारी अनुदान, एवढ्यावर कौन्सिलचा गाडा चाले. त्यातून रस्ते, दवाखाने, विहिरी आणि शाळा करायच्या. खेड्यातली प्राथमिक शाळा ही कौन्सिलची शाळा असे. मास्तर कौन्सिलचा, इमारत कौन्सिलची, पगार कौन्सिलचा. त्याच १९२० साली मध्यप्रांतात प्राथमिक शिक्षणाचाही कायदा झाला होता. आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करायची मुभा त्याने स्थानिक संस्थांना दिली. मुभा दिली, सक्ती केली नाही. आपल्या देशात गरिबाच्या शिक्षणाचे कायदे बहुधा असेच असतात. करायचे तर करा म्हणतात, पैसा कुठून आणायचा ते तुम्ही बघा म्हणतात.

आणि करणारे थोडेच निघतात. क्रांतिबा ज्योतिराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन सांगितले होते की सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि त्यातून शिकतात मात्र वरच्या वर्गाची पोरे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. तिकडे ढुंकूनही पाहिले गेले नाही. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये ते साऱ्या राज्यात सक्तीचे केले. गोखल्यांनी १९११ मध्ये वरिष्ठ विधिमंडळात विधेयक आणले, ते हाणून पाडले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये सक्तीचे आणि मोफत शिक्षण आणले. पण सयाजीराव आणि शाहू हे राजे होते. त्यांच्या हुकमाला आडवे जाणारे फार तर कुरकुर करू शकत. पंजाबराव कौन्सिलचे निवडून आलेले अध्यक्ष होते. कर वाढवायचा तर ज्यांच्या मतांवर बसलो त्यांच्याच खिशाला हात घालायचा.

त्यांनी तो घातला. शिक्षणासाठी कर वाढवला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले. आणि त्याच कारकिर्दीत कौन्सिलच्या अखत्यारीतल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.

या दोन निर्णयांची सांगड आम्हाला महत्त्वाची वाटते. चरित्रात ती दोन वेगळ्या ओळींत येतात, एक शिक्षणाच्या सदरात, एक अस्पृश्यतानिवारणाच्या सदरात. गावात मात्र ती दोन नव्हती. सक्तीचे शिक्षण म्हणजे महारवाड्यातल्या पोरालाही शाळेत यायला हवे. तो आला की दुपारी त्याला तहान लागणार. पाणी गावच्या विहिरीचे. विहीर बंद ठेवून शाळा उघडली तर ती त्या पोरासाठी अर्धीच उघडली. हा विचार त्यांच्या मनात याच शब्दांत होता की नाही हे सांगायचा आमचा आग्रह नाही. पण ज्या अध्यक्षाने शाळा आणि विहीर एकाच कारकिर्दीत हाताळली, त्याला खेड्याचे दुखणे कुठे आहे ते कळले होते. अंबादेवीच्या दारात जे मागून मिळाले नव्हते, ते विहिरीच्या काठावर अध्यक्षाच्या सहीने देता येत होते. देऊळ ट्रस्टींचे होते, विहीर कौन्सिलची होती. करातून उभ्या राहिलेल्या वस्तूवर कर भरणाऱ्या प्रत्येकाचा हक्क असतो, हा धडा चवदार तळ्याने दिला होता. तळे नगरपालिकेचे होते आणि म्हणूनच तो हक्काचा लढा होऊ शकला. अमरावतीच्या कौन्सिलने तोच धडा कागदावर गिरवला.

कागदावर म्हटले ते मुद्दाम. ठराव झाला म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक गावात महाराची बादली विहिरीत गेली असेल, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. पाटील, सावकार आणि पंचमंडळी गावात होतीच. ओसरीवरचे पोर वर्गात यायला पुढे कितीतरी वर्षे लागली. तरीही ठरावाची किंमत असते. उद्या कुणी बादली अडवली तर अडवणारा कायद्याच्या बाहेर असतो, बादलीवाला नव्हे.

काळही वाईट निवडला होता, किंवा काळानेच त्यांना तसे गाठले. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाडचा सारा संसार पांढऱ्या सोन्यावर. बोंडाला भाव नाही, सावकाराचे व्याज थांबत नाही, आणि वरून शिक्षणाचा कर. शेतकऱ्याला तो जाचला असणार. वेचणीच्या दिवसांत पोर शाळेत पाठवायचे म्हणजे एक मजूर कमी. आज पंजाबरावांची आरती करणाऱ्यांना हा ताण आठवत नाही. आपल्याच माणसांना न आवडणारी गोष्ट त्यांच्याच पोरांसाठी करणे याला काय लागते, हे ज्याने कधी गावात वर्गणी मागितली आहे त्याला कळेल.

१९३० मध्ये ते प्रांतिक कायदेमंडळात निवडून गेले आणि बत्तिशीच्या उंबरठ्यावर मंत्री झाले. शिक्षण, शेती, सहकार अशी खाती त्यांच्याकडे आली. १९३३ मध्ये मध्यप्रांतात कर्जलवादाचा कायदा झाला, त्यामागे त्यांची धडपड होती. सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्याला त्याने थोडा श्वास मिळाला. त्याआधी १९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले होते. देवळांत साठलेली धनदौलत लोकांच्या उपयोगी पडावी, शिक्षणासारख्या कामाला लागावी, हा त्याचा रोख. आता अंबादेवीचे दार पुन्हा आठवा. जो माणूस पाच वर्षांपूर्वी देवळात प्रवेश मागत होता, तो आता देवळाच्या तिजोरीचा हिशेब मागत होता. भटशाहीला यातली दुसरी मागणी जास्त झोंबते. विधेयक तडीला गेले नाही, हे सांगायला नकोच.

त्याच १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. १९४६ मध्ये अमरावतीला शिवाजी कॉलेज निघाले आणि पुढे संस्थेचा वटवृक्ष विदर्भभर पसरला. या संस्थेने बहुजन समाजाच्या किती पिढ्या शिकवल्या याची मोजदाद नाही. आमच्या समाजातली कितीतरी माणसे तिथे शिकली, प्राध्यापक झाली. हे ऋण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण इथे आम्हाला एक बोच आहे आणि ती सांगितली पाहिजे. १९३० नंतर वऱ्हाडात आणि पुढे साऱ्या महाराष्ट्रात बहुजनांच्या शिक्षणाची वाट कौन्सिलकडून संस्थेकडे वळली. त्याला कारणे होती. खेड्यातल्या पोरांसाठी हायस्कुले काढायला सरकार तयार नव्हते, कौन्सिलच्या हाती पैसा नव्हता आणि ब्राह्मणी संस्थांत बहुजनांच्या पोरांना मान नव्हता. मग स्वतःची संस्था काढण्यावाचून इलाज काय? भाऊराव पाटलांनी साताऱ्यात तेच केले, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून बाबासाहेबांनीही तेच केले. पण शाळा कौन्सिलची असते तेव्हा तिचा धनी मतदार असतो, आणि संस्थेची असते तेव्हा तिचा धनी सभासद असतो. पहिल्या पिढीत संस्थापकाच्या तपश्चर्येमुळे हा फरक जाणवत नाही. तिसऱ्या पिढीत जाणवतो. स्वातंत्र्यानंतर खेडोपाडी अनुदानित हायस्कुलांचे जे पीक आले, त्यात संस्थाचालक म्हणजे गावचा नवा देशमुख झाला. नोकरीला किती मोजावे लागतील, जात कोणती, गट कोणता, याचा हिशेब सुरू झाला. आम्ही कोणत्याही संस्थेचे नाव घेत नाही, वाचकांना ती ठाऊक आहेत. पंजाबरावांना हे अभिप्रेत नव्हते. पण त्यांच्या नावाने भाषणे करणाऱ्यांत हेच चालक पुढच्या रांगेत असतात, याचे हसू येते आणि रागही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंजाबराव संविधान सभेत होते. मागासलेल्या जातींना नोकऱ्यांत आणि कारभारात वाटा मिळावा यासाठी ते तिथे बोलत राहिले. संविधानातल्या ३४० व्या कलमाने इतर मागासवर्गीयांच्या स्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमण्याची तरतूद केली. बाबासाहेबांनी घडवलेल्या या कलमाचा पाठपुरावा सभागृहाबाहेर करणाऱ्यांत पंजाबराव होते. ऑल इंडिया बॅकवर्ड क्लासेस फेडरेशन त्यांनी बांधले. १९५३ मध्ये कालेलकर आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल आला आणि बासनात गेला. मंडल यायला आणखी पंचवीस वर्षे लागायची होती. मंडलच्या काळात वऱ्हाडातली जी पोरे आरक्षणाविरुद्धच्या मोर्चात घुसली होती, त्यांतल्या कितीजणांना ठाऊक होते की आपल्याच जिल्ह्याचा खासदार चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी हीच मागणी करत होता?

१९५२ पासून मरेपर्यंत ते अमरावतीचे खासदार होते. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे केंद्रात शेतीखाते त्यांच्याकडे होते. भारत कृषक समाज काढला, दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. हा भाग सर्वांना पाठ आहे, आम्ही लांबवत नाही. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी अकोल्याला त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ झाले.

त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. १९५६ च्या ऑक्टोबरात वऱ्हाडातून माणसे पायी, बैलगाडीने, रेल्वेने नागपूरच्या दीक्षाभूमीकडे लोटली. तिवशावरून जाणारा हा रस्ता त्या वेळी पांढऱ्या कपड्यांनी भरला होता असे आमच्या घरातली म्हातारी माणसे सांगत. पंजाबराव तेव्हा दिल्लीत मंत्री होते. ज्यांनी वैदिक धर्माची चिरफाड करून डॉक्टरेट मिळवली, ते त्या धर्मातून बाहेर पडले नाहीत. काँग्रेसमध्येच राहिले, आणि काँग्रेसने मागासवर्गीयांचा अहवाल गुंडाळला तेव्हाही पक्षातच होते. याचा जाब त्यांच्याकडे मागायला हवा. मात्र जाब मागताना १९२७ ची त्यांची सही खोडू नये.

आता तिवशाकडे परत येऊ. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि कौन्सिलच्या शाळा झेडपीच्या झाल्या. २००९ मध्ये शिक्षण हक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत, साठ मुलांपर्यंतच्या शाळेतही दोन शिक्षक. पंजाबरावांच्या कौन्सिलने जे स्वप्न अर्ध्या पैशावर पाहिले ते ८० वर्षांनी देशाचा कायदा झाले. आणि कायदा होऊन दहा वर्षे होत नाहीत तो उलटी मोजणी सुरू झाली. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करून मुले दुसरीकडे हलवायचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा घाट घातला गेला. तेव्हा पुढे आलेला आकडा होता १४,७८३ शाळा आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले. पानशेत आणि तोरणमाळचे नमुने दाखवले गेले. दूरच्या मोठ्या शाळेत चांगले मिळेल, गाडी ठेवू, असे सांगितले गेले.

दूरची शाळा! पापळ, चांदूर, कारंजा, अमरावती. दर मजलेला कोण गळाले ते आपण वर पाहिले. आज तिवसा तालुक्यातल्या लहान खेड्यात जा. ज्याची ऐपत आहे त्याचे पोर पिवळ्या गाडीत बसून कॉन्व्हेंटला गेलेले असते, त्यात आपल्या समाजातले नोकरदारही आले. झेडपीच्या वर्गात उरतात बौद्धवाड्यातली, पारधी बेड्यावरची, शेतमजुराची, विधवा बाईची पोरे. पट पंधरा, अठरा. ही पटसंख्या कमी आहे म्हणून शाळा हलवा म्हणणाऱ्याला कळत नाही की हीच ती पोरे आहेत ज्यांच्यासाठी कौन्सिलची शाळा काढली होती. बाकीच्यांची सोय तेव्हाही होत होती, आताही होते. आणि गाडी ठेवली तरी पावसाळ्यात नाल्याला पूर आला की ती येणार नाही. आठवी-नववीच्या पोरीला बाप सहा किलोमीटर पाठवणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणखी एक वस्तू त्या शाळेत आहे, जिच्याकडे चळवळीचे लक्ष जावे. मुख्याध्यापकाच्या लोखंडी कपाटात जुने दाखलखारीज रजिस्टर असते. काही गावांत ते कौन्सिलच्या काळापर्यंत मागे जाते. त्यात दाखल झालेल्या पोराचे नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि शाळा का सोडली याचे कारण लिहिलेले असते. आमच्या पोरांना जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. बौद्ध झालेल्या घराला आजा-पणजाच्या नावापुढची महार ही नोंद शोधावी लागते, आणि ती बहुतेकदा सापडते ती याच रजिस्टरात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती निघाली, तेव्हा तिच्या माणसांनीही गावोगावच्या शाळांची हीच रजिस्टरे उघडली. कुणब्याचा पुरावा आणि महाराचा पुरावा एकाच वहीत, कधी कधी एकाच पानावर, एकाच मास्तरच्या मोडी-बाळबोध अक्षरात. शाळा समूहात गेली, इमारत बंद पडली, तर ही वही कुठे जाते? पंचायत समितीच्या कुठल्या खोलीत, कुठल्या उंदरांच्या तावडीत?

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक झेडपी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या बाया असतात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळतात. तिच्या बैठकीला आमची माणसे क्वचित जातात. येत्या २७ डिसेंबरला तिवसा, कुऱ्हा, वरखेड, मार्डी या भागातल्या कार्यकर्त्यांनी पुतळ्याकडे जायच्या आधी आपल्या गावच्या झेडपी शाळेत जावे, समितीची बैठक कधी आहे ते विचारावे आणि जुने रजिस्टर दाखवायला सांगावे. १९२८, १९२९, १९३० ही पाने काढावीत. आपल्या वाड्यातल्या कुणाचे नाव दाखल झालेले दिसते का आणि त्यापुढे शाळा सोडल्याचे कारण काय लिहिले आहे, ते उतरवून आमच्याकडे पाठवावे.